आयर्लंडने समलिंगी विवाहाला मत दिलं, ते नेमकं कसं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की कुणीतरी आयर्लंडचं नाव काढतंच. "तिथे तर जनतेनेच मतदान करून मान्य केलं" हे वाक्य दोन्ही बाजूंचे लोक वापरतात, काही कौतुकाने, काही टोमणा म्हणून. प्रत्यक्षात काय झालं, लोकांची मतं कशी बदलली, चाचण्यांचे आकडे कितपत खरे ठरले, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भारताबद्दलचे प्रश्न शेवटी आहेत.

मतपत्रिकेवर नेमकं काय होतं?

२२ मे २०१५, शुक्रवार. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात एक वाक्य घालायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. वाक्याचा आशय असा : कायद्यानुसार कोणत्याही दोन व्यक्ती, त्यांचं लिंग कोणतंही असो, एकमेकांशी विवाह करू शकतील. मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या १७ शब्दांचं आहे. त्यात मुलांचा, दत्तकविधानाचा, चर्चचा उल्लेख नाही. हा आटोपशीरपणा पुढे प्रचारात फार उपयोगी पडला, त्याबद्दल खाली येईलच.

निकाल काय लागला?

'होय' १२,०१,६०७ मतं, 'नाही' ७,३४,३००. टक्केवारीत ६२.०७ विरुद्ध ३७.९३. मतदान ६०.५ टक्के झालं. आयर्लंडमधल्या सार्वमतांना अनेकदा याहून बरीच कमी गर्दी होते. ४३ मतदारसंघांपैकी ४२ 'होय'च्या बाजूने गेले. मतमोजणी दुसऱ्या दिवशी हाताने झाली, पण सकाळी पेट्या उघडून मतपत्रिकांची वर्गवारी सुरू झाली तेव्हाच कल कळला. विरोधी बाजूचे प्रमुख चेहरे असलेले डेव्हिड क्विन यांनी अधिकृत निकालाची वाट न बघता ट्विटरवरून दुसऱ्या बाजूचं अभिनंदनही करून टाकलं.

नेदरलँड्सने समलिंगी विवाह २००१ मध्येच कायदेशीर केला होता, पण संसदेतून. देशभरातल्या मतदारांनी थेट मतदान करून तो मान्य करण्याची जगातली पहिली वेळ आयर्लंडची.

त्या दिवशी आयरिश मतदार सगळ्यालाच 'होय' म्हणत होता का?

नाही, आणि ही गोष्ट बहुतेक लेखांमधून निसटते. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर दुसरी एक घटनादुरुस्ती होती : राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं किमान वय ३५ वरून २१ वर आणावं का? ती तब्बल ७३ टक्क्यांनी फेटाळली गेली. म्हणजे एकाच माणसाने एका कागदावर 'होय' आणि दुसऱ्यावर 'नाही' अशी खूण केली, असं लाखोंच्या बाबतीत घडलं. लाटेत वाहून गेलेला मतदार असं वागत नाही.

संसदेत कायदा करून का भागलं नाही?

आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत विवाहाची व्याख्या दिलेली नव्हती, पण विवाहावर आधारलेल्या कुटुंबाचं रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली होती. कॅथरिन झॅपोन आणि ॲन लुईस गिलिगन या दोघींनी कॅनडात लग्न केलं होतं. ते आयर्लंडमध्ये मान्य व्हावं म्हणून त्या कोर्टात गेल्या आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयात हरल्या. घटनेला अभिप्रेत असलेला विवाह स्त्री-पुरुषांचाच, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मग संसदेने नुसता कायदा केला असता तर तो कोर्टात टिकेल की नाही याची खात्री नव्हती. आणि तिथे घटना बदलायची तर सार्वमताशिवाय मार्गच नाही. दोन-तृतीयांश खासदार जमवले आणि काम झालं, असं होत नाही.

मधल्या काळात २०१० च्या कायद्याने समलिंगी जोडप्यांना 'नागरी भागीदारी' मिळाली होती. ही पायरी लहान वाटते, पण मतदारांच्या दृष्टीने मोठी ठरली. पुढची चार वर्षं गावोगावी अशा नोंदण्या झाल्या, जेवणावळी झाल्या आणि आभाळ काही कोसळलं नाही.

एवढा कॅथलिक देश एवढ्या लवकर कसा बदलला?

"लवकर" या शब्दाशी माझं भांडण आहे. सनावळी बघा.

१९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे डब्लिनला आले तेव्हा फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून जास्त लोक जमले, देशाची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आत होती. १९८६ मध्ये घटस्फोटाला परवानगी द्यावी का यावर सार्वमत झालं, ६३ टक्क्यांहून जास्त लोकांनी नको म्हटलं. १९९५ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा १६ लाखांहून जास्त मतांत ९,११४ मतांच्या फरकाने घटस्फोट मंजूर झाला. पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता, तो १९९३ मध्ये रद्द झाला. तेही डेव्हिड नॉरिस या सिनेटरने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात १९८८ मध्ये खटला जिंकल्यानंतर पाच वर्षांनी.

आणि चर्चची पत. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांचे सरकारी अहवाल २००९ मध्ये दोन, २०११ मध्ये आणखी एक असे लागोपाठ बाहेर आले. २०११ च्या अहवालानंतर पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत थेट व्हॅटिकनवर टीका केली. ते स्वतः नियमित चर्चला जाणारे गृहस्थ, त्यामुळे ते भाषण लोकांच्या लक्षात राहिलं. कुटुंब कसं असावं हे सांगण्याचा चर्चचा नैतिक अधिकार तिथे आधीच खचला होता.

पण लोकांनी धर्म सोडला म्हणून 'होय' म्हटलं, हे मात्र आकड्यांत बसत नाही. २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं. ६२ टक्के 'होय' मतं कॅथलिकांच्या मोठ्या वाट्याशिवाय येऊच शकत नाहीत. देव मानायचा, मुलाचा बाप्तिस्मा करायचा, मयताला पाद्री बोलवायचा आणि मतदान मात्र आपल्या मनाने करायचं, ही तडजोड आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

शंभर नागरिकांची सभा हा काय प्रकार होता?

२०१२ च्या अखेरीस सरकारने घटनेतल्या काही मुद्द्यांवर विचार करायला एक अधिवेशन बसवलं. सदस्य शंभर : मतदारयादीतून निवडलेले ६६ सामान्य नागरिक, ३३ राजकारणी आणि अध्यक्ष टॉम आर्नल्ड. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्या तज्ज्ञांना, कार्यकर्त्यांना, समलिंगी पालकांच्या मोठ्या झालेल्या मुलांना ऐकलं आणि मतदान घेतलं. ७९ टक्के बाजूने.

याचा राजकीय फायदा असा की कोणत्याही पक्षाला "हे आमचं खूळ आहे" असं म्हणवून घ्यावं लागलं नाही. फिने गेल, लेबर, फियाना फॉल, शिन फेन हे सगळे मोठे पक्ष अधिकृतपणे 'होय'च्या बाजूने उभे राहिले. अर्थात पक्षाची अधिकृत भूमिका वेगळी आणि गावातल्या कार्यकर्त्याचा उत्साह वेगळा. काही भागांत पक्षाचे लोक पत्रकं वाटायला फिरकलेच नाहीत, असं प्रचारातल्या लोकांनी नंतर सांगितलं.

जनमत चाचण्या काय सांगत होत्या? निकालाशी जुळल्या का?

दिशा जुळली, आकडा नाही. 'आयरिश टाइम्स'च्या चाचणीत मार्च २०१५ मध्ये, कुंपणावरचे वगळून, ७४ टक्के 'होय' होते. मतदानाच्या आठवडाभर आधी तो आकडा ७० वर आला आणि प्रत्यक्षात पडले ६२. म्हणजे शेवटच्या चाचणीपेक्षाही आठ अंकांनी कमी.

असं का होतं याची तीन कारणं, आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एक, संकोच. फोनवर किंवा दारात आलेल्या अनोळखी माणसाला "मी विरोधात आहे" म्हणायला लोक बिचकतात, विशेषतः वर्तमानपत्रं, टीव्हीवरचे चेहरे, सगळे पक्ष एका बाजूला असताना.

दोन, सरसकट "माहीत नाही" वगळून टक्केवारी काढण्याची सवय. त्या मे महिन्यातल्या चाचणीत कच्चे आकडे असे होते : ५८ टक्के बाजूने, २५ विरोधात, १७ ठरलेलं नाही. हे १७ टक्के आपण वगळतो तेव्हा गृहीत धरतो की तेही इतरांसारखेच विभागले जातील. तसं होत नाही. बदलाचा प्रश्न असेल तर कुंपणावरचा माणूस शेवटच्या दिवसांत जास्त करून "आहे तेच बरं" या बाजूला उतरतो. ५८ आणि ६२ हे आकडे शेजारी ठेवून बघा, मग चाचणी तितकी चुकलेली दिसत नाही. बातमीचा मथळा चुकलेला दिसतो.

तीन, प्रश्न बदलतो. मार्चमध्ये माणसाला विचारलं जातं, "समलिंगी व्यक्तींना लग्नाचा हक्क असावा का?" मेपर्यंत त्याच्या गल्लीत फलक लागलेले असतात आणि त्याला वाटू लागतं की आपल्याला मुलांबद्दल, आईबद्दल, सरोगसीबद्दल विचारताहेत. मतपत्रिकेवरचं वाक्य तेच, डोक्यातला प्रश्न दुसरा. १९८६ च्या घटस्फोटाच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत बहुमत बाजूने होतं. मग वडिलोपार्जित शेतजमिनीचं काय, पहिल्या बायकोच्या वाट्याचं काय, हे प्रश्न पुढे आले आणि काही आठवड्यांत सगळं उलटं झालं. २०१५ च्या 'होय' बाजूच्या म्होरक्यांनी ही आठवण कायम उराशी ठेवली होती. चाचणीत सत्तर दिसत असतानाही ते घाबरलेले होते, म्हणून जिंकले असं म्हणायला जागा आहे.

मग लोकांची मतं प्रत्यक्षात कशाने बदलली?

वादविवादाने फार थोडी. ओळखीने बरीच.

'येस इक्वॅलिटी' ही मुख्य मोहीम तीन संघटनांनी मिळून उभारली होती. त्यांनी एक शिस्त पाळली : समोरच्याला मागासलेला म्हणायचं नाही, हक्कांची व्याख्यानं द्यायची नाहीत, स्वतःची गोष्ट सांगायची. "मी होय म्हणतोय, का ते विचारा" अशा अर्थाचे बिल्ले छातीवर. दारोदार जाताना आई-बाप, आजी-आजोबा पुढे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तर "आजीला फोन करा" अशी मोहीमच काढली. नातवाने आजीला फोन करायचा आणि या विषयावर बोलायचं.

याच महिन्यांत बरीच माहितीतली माणसं बोलती झाली. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस या श्रद्धाळू कॅथलिक, चर्चच्या कायद्याच्या अभ्यासक. त्यांनी आपल्या समलिंगी मुलाबद्दल उघडपणे बोलून 'होय'चं आवाहन केलं. टीव्ही पत्रकार उर्सुला हॅलिगन यांनी मतदानाला आठवडा उरला असताना लिहिलं की आपण किशोरवयापासून हे लपवत आलो. सत्ताधारी फिने गेलचे सरचिटणीस टॉम करन यांनी आपल्या मुलाबद्दल लिहिलं. हे लोक चळवळे नव्हते. पन्नाशी-साठीच्या मतदाराला ते आपल्यातले वाटत होते.

आयर्लंडमध्ये टीव्ही-रेडिओवर राजकीय जाहिरातींना बंदी आहे आणि सार्वमतात एका बाजूच्या प्रचारासाठी सरकारला जनतेचा पैसा वापरता येत नाही. त्यामुळे जाहिरातींचा भडिमार होऊच शकला नाही, खांबांवरचे फलक आणि दारातलं बोलणं यांचं वजन वाढलं. हा मुद्दा तांत्रिक वाटतो, पण दुसऱ्या देशांशी तुलना करताना तो विसरून चालत नाही.

लिओ वराडकर म्हणजे आपल्या मालवणचेच ना?

वडिलांकडून, हो. डॉ. अशोक वराडकर यांचं कुटुंब सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं, आडनावातच गाव आहे. आई आयरिश, वॉटरफर्ड परगण्यातल्या. लिओ जन्माने आणि वाढीने डब्लिनचे.

१८ जानेवारी २०१५ ला, आपल्या ३६व्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असताना त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. सूर असा होता की मी अर्धा भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही, तसाच समलिंगी राजकारणीही नाही, हा माझ्या असण्याचा एक भाग आहे, इतकंच. सार्वमताला चार महिने होते. त्यांच्यामुळे किती मतं फिरली हे मोजण्याचं साधन कुणाकडे नाही, पण मंत्रिमंडळातला माणूस हे बोलला आणि सोमवारी कामावर गेला, याचा परिणाम झालाच असणार. जून २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला येऊन गेले, गावाने जंगी स्वागत केलं.

'नाही' म्हणणारे सव्वासात लाखांहून जास्त लोक कोण होते? सगळे द्वेष्टे?

असं समजणं सोपं आणि चुकीचं. विरोधी मोहिमेत दोन प्रवाह होते. एक धार्मिक : विवाह हा संस्कार आहे, राज्याला तो बदलण्याचा हक्क नाही. दुसरा मुलांभोवतीचा, आणि प्रचारात तोच पुढे केला गेला. "मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत" अशा आशयाचे मोठमोठे फलक लागले. सरोगसीची भीती घालणारेही होते.

सार्वमत आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती केविन क्रॉस यांनी मतदानाआधी स्पष्ट केलं की या दुरुस्तीने दत्तकविधानाचे किंवा सरोगसीचे नियम बदलत नाहीत. दत्तकविधानाचा विषय एप्रिल २०१५ मध्ये वेगळ्याच कायद्याने संसदेने हाताळला होता. तो सार्वमताआधी उरकण्यामागे सरकारचा हिशेब उघड होता : मुलांचा प्रश्न टेबलावरून काढून टाकायचा. पूर्ण निघाला नाही, पण त्याची धार गेली.

आणि काही मतं अशीही होती जी या विषयावर नव्हतीच. सगळे पक्ष, सगळी वर्तमानपत्रं, मोठ्या कंपन्या एका सुरात बोलू लागल्या की काही माणसांना मुद्दाम उलटं मत द्यावंसं वाटतं. 'होय'वाल्यांनीही काही वेळा विरोधकांना गप्प बसवण्याचा आगाऊपणा केला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

रॉसकॉमनने एकट्यानेच 'नाही' का म्हटलं?

रॉसकॉमन–दक्षिण लीट्रिम हा तो एकमेव मतदारसंघ. ग्रामीण, वस्ती वयस्कर, तरुण पोटापाण्यासाठी बाहेर गेलेले. पण फरक बघा : ५१.४ विरुद्ध ४८.६. जवळपास निम्म्या लोकांनी तिथेही 'होय' म्हटलं आणि तरी पुढे वर्षभर त्या भागाची टिंगल झाली. वायव्येकडच्या दक्षिण-पश्चिम डॉनिगॉलमध्ये 'होय' केवळ ३३ मतांनी पुढे होता. तिथे एखादी पेटी इकडची तिकडे झाली असती तर नकाशावर दोन ठिपके दिसले असते. दुसऱ्या टोकाला आग्नेय डब्लिनमध्ये जवळपास ७५ टक्के 'होय'. सुखवस्तू शहरी लोकांचं खूळ, हा आरोपही आकड्यांपुढे टिकत नाही, कारण डब्लिनच्या कामगार वस्त्यांच्या मतदारसंघांतही 'होय' सत्तरच्या घरात होता.

परदेशातले आयरिश लोक मत द्यायला घरी आले होते, हे खरं?

खरं. परदेशी राहणाऱ्यांना तिथे सर्वसाधारणपणे टपालाने मत देता येत नाही आणि देश सोडून अठरा महिन्यांहून जास्त झाले तर मतदानाचा हक्कच जातो. त्यामुळे ज्यांचा हक्क शाबूत होता ते विमानाने, बोटीने आले. गणपतीला मुंबईकर चाकरमानी कोकणात उतरावा तशी बंदरांवर, विमानतळांवर गर्दी. चित्र देखणं होतं, पण निकाल त्यांनी फिरवला असं मानायचं कारण नाही. साडेचार लाखांहून जास्त मतांच्या फरकात ते थोडेच. त्यांच्याहून मोठी गोष्ट घरी घडली : पुरवणी मतदारयादीत सुमारे ६६ हजार नवी नावं नोंदली गेली.

इतर देशांत मतदारांनी असंच केलं का?

मुळीच नाही. क्रोएशियात डिसेंबर २०१३ मध्ये सुमारे ६६ टक्क्यांनी विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच असं घटनेत लिहून घेतलं. स्लोव्हेनियात आयर्लंडनंतर सात महिन्यांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, संसदेने केलेला कायदा ६३ टक्क्यांहून जास्त मतांनी पाडला गेला. दोन्हीकडे मतदान चाळीस टक्क्यांच्या आतच होतं, म्हणजे चिडलेला गट आला आणि "चालेल की" म्हणणारा घरी बसला. रुमानियात २०१८ मध्ये बंदीचं सार्वमत दोन दिवस चाललं, एकवीस टक्केच लोक आले आणि तीस टक्क्यांची अट न पाळल्याने ते फुकट गेलं. तिथे घरी बसणं हेच मत ठरलं.

तैवानचं उदाहरण सगळ्यात बोधक. २०१७ मध्ये तिथल्या घटनापीठाने दोन वर्षांत समलिंगी विवाहाची सोय करा असा आदेश दिला. नोव्हेंबर २०१८ मधल्या सार्वमतात ७२ टक्के लोक म्हणाले, नागरी संहितेतला विवाह स्त्री-पुरुषांपुरताच ठेवा. सरकारने मग संहितेला हात न लावता मे २०१९ मध्ये वेगळा कायदा केला. त्यानंतरच्या सरकारी पाहण्यांत पाठिंबा वर्षागणिक चढत गेला. आधी मत बदलतं आणि मग कायदा, असाच क्रम असतो असं नाही.

पक्षाचा मतदार पक्षाच्याच भूमिकेला मत देतो ना?

कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामांना ६१ टक्के मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर समलिंगी विवाहबंदीला ५२ टक्के. (तिथे "होय" म्हणजे लग्नाला "नाही" असा प्रश्न होता, गोंधळ वेगळाच.) गोव्याचा जुना मतदार यात नवल मानणार नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्रात विलीनीकरणाचं वचन देणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगोपला) त्याने निवडून दिलं, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वेगळं राहण्याच्या बाजूचं चिन्ह असलेल्या दोन पानांवर शिक्का मारून विलीनीकरण ३४ हजार मतांनी पाडलं आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा मगोपच सत्तेवर बसवला.

ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांनी विरोध केला, असं म्हणतात. भारतीयांनीही?

२०१७ च्या टपाली पाहणीत ६१.६ टक्के 'होय' आले, १५० पैकी १३३ मतदारसंघ बाजूने. उरलेल्या १७ पैकी १२ न्यू साउथ वेल्समध्ये, बहुतेक पश्चिम सिडनीत. त्यात पॅरामॅटाही होता, जिथे भारतीय, त्यात मराठी कुटुंबंही, मोठ्या संख्येने राहतात. पण तिथे चिनी, लेबनीज, कोरियन वस्तीही दाट आहे, चर्च-मशिदींचं जाळं आहे. मतदारसंघाच्या आकड्यावरून एखाद्या समाजाचं मत काढणं म्हणजे अंदाजपंचे. गुप्त मतदानात कुणाची खूण कुठे, हे कुणालाच कळत नाही.

एखाद्या छोट्या गटाचा हक्क बहुसंख्यांच्या मतावर सोडणं बरोबर आहे का?

माझं मत : नाही. आपल्या लग्नाला परवानगी द्या म्हणून अनोळखी माणसांच्या दारात विनवत फिरणं हा अपमान आहे आणि आयर्लंडमधल्या कित्येकांनी तो गिळून प्रचार केला. विरोधी फलकांखालून समलिंगी जोडप्यांची मुलं शाळेत जात होती. पण एक मान्य करावं लागतं. त्या निकालाला नंतर कुणी "कोर्टाने लादलं" म्हणू शकलं नाही. डब्लिनचे आर्चबिशप डीरमिड मार्टिन यांनीही चर्चने आता वास्तव तपासून पाहायला हवं असं म्हटलं. व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांनी मात्र याला मानवतेचा पराभव म्हटलं होतं.

एकदा बदललेलं मत परत फिरतं का?

फिरू शकतं. अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के लोक समलिंगी विवाहाच्या बाजूने होते, २०२२ मध्ये ७१. २०२५ मध्ये ६८. घसरण छोटी दिसते, पण आत डोकावलं तर रिपब्लिकन समर्थकांमधला पाठिंबा ५५ वरून ४१ वर आला आहे, डेमोक्रॅट जवळपास नव्वदीत आहेत. प्रश्न पक्षाच्या झेंड्याला बांधला गेला की असं होतं. आयर्लंडने तो सगळ्या पक्षांमध्ये वाटून टाकला होता.

आयर्लंडचा मतदारही कायमचा पुरोगामी झालेला नाही. २०१८ मध्ये त्याने गर्भपातावरची बंदी ६६ टक्क्यांनी उठवली खरी, पण मार्च २०२४ मध्ये 'कुटुंबा'ची घटनेतली व्याख्या रुंदावण्याचा प्रस्ताव सुमारे ६८ टक्क्यांनी फेटाळला. "टिकाऊ नातं" म्हणजे काय हे सरकारला नीट सांगता आलं नाही आणि लोकांनी न समजलेल्या वाक्यावर सही करायला नकार दिला. ते १७ शब्द आठवा.

भारतीय मतदाराला काय वाटतं?

प्यू संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातले ५३ टक्के लोक समलिंगी विवाह कायदेशीर करण्याच्या बाजूने आणि ४३ टक्के विरोधात आढळले. त्याच संस्थेने "समाजाने समलैंगिकता स्वीकारावी का" असं विचारलं होतं, तेव्हा २०१४ मध्ये १५ टक्के आणि २०१९ मध्ये ३७ टक्के 'हो' म्हणाले होते. प्रश्न वेगळे, त्यामुळे १५-३७-५३ अशी सरळ रेघ ओढू नका. आणि आयर्लंडचा अनुभव बघता, प्रचाराच्या एकाही फलकाला तोंड न दिलेले हे त्रेपन्न टक्के आहेत हे लक्षात ठेवा. गुळगुळीत पाठिंबा आणि स्वतःच्या मुलाने घरी येऊन सांगितल्यावरचा पाठिंबा यांत अंतर असतं.

आपल्याकडे असं सार्वमत होऊ शकतं का?

भारतीय राज्यघटनेत घटनादुरुस्तीसाठी सार्वमताची तरतूद नाही. गोव्याच्या कौलासाठीही संसदेला १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि हा संसदेचा विषय असल्याचं सांगितलं. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. खटला चालू असताना केंद्राने राज्यांचं म्हणणं मागवलं होतं. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध कळवला, महाराष्ट्राने विचार करायला आणखी वेळ मागितला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासदाराच्या खासगी विधेयकाचा कायदा झाल्याची शेवटची घटना १९७० ची आहे, त्यामुळे सरकारने स्वतः विधेयक आणल्याशिवाय भारतातल्या मतदाराचं मत, ते कोणतंही असो, मोजलं जाण्याची वेळ येणार नाही.